जमातीत गेलेल्या बाया

त्या दिवशी देवळाच्या पडवीत कोण कोण होतं ते आदी सांगते. जमातीचा पाटील होता, खांबाला टेकून बसलेला. त्याच्या बाजूला दोन म्हातारे पंच, एकाला कानानं कमी ऐकू यायचं, दुसरा माज्या सासूचा चुलतभाव. समोर माज्या नणंदेचा नवरा नि त्याचा थोरला भाव, दोघंही धुतल्या शर्टात. भिंतीच्या कडेनं वस्तीतले बापे, सकाळचं म्हावरं किनाऱ्याला लावून, भात खाऊन आलेले. दाराजवळ माजा नवरा. नि बाया तिघीच. माजी सासू, माजी नणंद नि मी. जिच्यावरून सगळं चाललं होतं ती नणंदेची चार वर्सांची पोर तिथं नवती. तिला ते घरीच ठेवून आले होते.

नावं मी घेणार नाय. त्यातले बरेच गेले. जे हायत त्यांची नातवंडं माज्या नातीला बाजारात भेटतात, हसून बोलतात. त्यांच्यात कशाला इख कालवायचं.

जमात म्हंजे आमच्या वस्तीची पंचायत. सरकारची नव्हे, आमची. होडीचं भांडण, जाळ्याच्या जागेचं भांडण, लग्न, सोडचिठ्ठी, सगळं तिथंच मिटायचं. पोलिसात कोणी गेला तर जमात त्याला वाळीत टाकायची. नि वाळीत टाकलेल्याची होडी वर ओढायला कोण हात लावत नाय. एकट्यानं होडी ओढता येत नाय, म्हणून कोणी पोलिसात जात नवता. इतकं साधं होतं ते.

नि बाया जमातीत बसत नवत्या. बाईचं गाऱ्हाणं असलं तर तिच्या घरचा बापा ते आत नेऊन सांगायचा. नवऱ्याविरुद्धचंच असलं तर भाव सांगायचा. आमी बाहेर पारावर बसायचो नि कानावर येईल तेवढं ऐकायचो. आत कोण आदी बोलतो, कोण मागून, काय झालं म्हंजे निकाल झाला, हे आमाला ठाऊक नवतं. विचारायचं कदी सुचलंही नाय. होडी पाण्यात कशी लोटतात ते आमी किनाऱ्यावरून बघायचो तरी. जमात तेवढीही बघितली नवती.

माजी नणंद माज्याहून बरीच लहान. मी लग्न होऊन आले तेवा ती परकरात होती, तिची वेणी मी घालायचे. शाळेत दुसरीपर्यंत गेली, मंग सासूबरोबर बोंबील सुकवायला लागली. तिला दिली वाणगावच्या पल्याड, खाडीच्या गावात. पोरगा कामाचा होता, घर खाऊनपिऊन सुखी होतं, सगळ्यांनी बरं म्हटलं. दारू पिऊन मारतात असं बाया बोलतात, म्हंजे दारूवर तरी दोष जातो. हा न पिताही मारायचा. ती दिवाळीला यायची तेवा हात पदराखाली ठेवायची. सासू विचारायची नाय, नि ती सांगायची नाय.

एक दिवस ती दुपारची आली. वाणगावहून गाडीनं बोयसरला, तिथून चालत. उजवा हात सुजून खांबासारखा झालेला. पायात काय नाय. सासूनं पयलं विचारलं ते हेच, की पोर कुठं हाय. ती बोलली, कडेवर घेऊन निघत होते, दारात खेचून घेतली. तुला जायचं तर जा बोलले, पोर आमची हाय.

ती दाराशीच बसून राहिली. हात बोयसरच्या डॉक्टरानं बांधला. हात बरा झाला पण मनगट वाकडंच राहिलं. पण हाताचं तिनं कदी नाव काढलं नाय. उठल्यापासून एकच, पोर कदी आणायची.

माज्या नवऱ्यानं गाऱ्हाणं जमातीत नेलं. माजा नवरा चांगला माणूस, पण चार शब्द बोलला की पाचवा गिळायचा. बाहेर पारावर मी नि नणंद बसलो होतो. आतून पाटलाचा आवाज आला, का मारलं ते सांग. नि मंग कायच ऐकू येईना. घरी आल्यावर मी विचारलं, तू गप का राहिलास. तो बोलला, कारण विचारत होते. कारण मला कुठं ठाऊक हाय.

कारण नवतंच, तो काय सांगेल. जमातीनं पुढच्या बैठकीवर टाकलं.

मी तेवा पाटी घेऊन सालवडला जायचे. तिथं कारखान्यातल्या कामगारांच्या खोल्या झाल्या होत्या, हिंदी बोलणाऱ्या बाया मौसी मौसी करून सुकट घ्यायच्या नि वास येतो म्हणून नाकाला पदरही लावायच्या. तिथून पुढं नोकरदारांच्या कॉलनीत. कॉलनीतल्या एक बाई माज्याकडून नेमानं बोंबील घ्यायच्या. साक्षात सज्जन बाई. मला ओट्यावर बसवून पाणी द्यायच्या. त्यांना मी नणंदेचं सांगितलं. त्या बोलल्या, आता नवा कायदा झाला हाय. शहरात बायांनी मोर्चे काढले, हुंड्यासाठी जाळलेल्या पोरींचे फोटो घेऊन रस्त्यावर बसल्या, तेवा कुठं सरकार हललं. आता नवऱ्यानं छळलं तर पोलीस धरून नेतात.

मी विचारलं, नि पोर देतात का आणून.

त्या खोटं बोलल्या नायत. पोरीसाठी कोर्टात वेगळं जावं लागेल बोलल्या, वेळ लागेल. मी घरी येऊन सांगितलं तर नणंद बोलली, त्याला धरून नेऊन मी काय करू. मला तो नको, पोर पायजे.

पालघरला बायांची सभा होती, तिथं कॉलनीच्या बाई आमाला दोघींना घेऊन गेल्या. शाळेचा मोठा हॉल. सतरंजीवर सगळ्या जातीच्या बाया मांडीला मांडी लावून बसलेल्या. कारखान्यातल्या होत्या, त्यांना बाप्यांएवढीच मजुरी पायजे होती. डोंगरातल्या होत्या. शहरातल्या बाया बोलल्या त्यातलं निम्मं मला समजलं, निम्मं नाय. पण डोंगरातली एक म्हातारी उभी राहिली. कंबरेला गुंडाळलेलं लुगडं, दात नाय. ती बोलली, माज्या तोंडाचं मीच बोलेन, दुसऱ्याच्या तोंडानं जेवून माजं पोट भरत नाय. एवढं बोलली नि खाली बसली. सगळ्या हसल्या, टाळ्या वाजवल्या.

येताना एसटीत नणंद खिडकीशी बसली होती. पाम गाव मागं गेलं. मंग बोलली, "वयनी, मी स्वतः जमातीत जाऊन बसले तर?"

मी बोलले, तुज्या आईला विचार.

सासूला विचारलं तर ती वलांडीवर बोंबील लावत होती. बोंबील लावताना दोघांची तोंडं एकमेकांत अडकवतात नि आडव्या बांबूवर टांगतात, सबंध दिवस तेच काम. ती हात न थांबवता बोलली, बस. मी पण येते.

मंग ते म्हावरं सुकवायच्या सगळ्या खळ्यात पसरलं. आमच्यात एक म्हातारी रांडाव होती, बाजारात तिच्या तोंडाला कोण लागायचं नाय. ती बोलली, "गिऱ्हाइकाशी भांडते तेवा माजा आवाज स्टेशनापर्यंत जातो. नि जमातीत मला तोंड नाय काय गो?" दुसरी बोलली, तू आत बसलीस तर पाटील उठून पळेल. तिसरी बोलली, पळू दे, तंबाखूची चंची ठेवून गेला म्हंजे झालं. हसता हसता ठरलं. एकटीनं जायचं नाय. सगळ्यांनी जायचं, पडवीत बसायचं, काय बोलायचं नाय, नुसतं बसायचं. बोलायचं ते नणंद बोलेल.

दिवस एकादशीचा ठरला होता. आमच्याकडं जमात एकादशीला नायतर अष्टमीला बसते, कारण तेवा भांग असतो, पाण्याला जोर नसतो, होड्या वर ओढलेल्या असतात. पुनवेला नि अवसेला उधाण. तेवा पाणी जोरात येतं, जाळी भरतात, होड्या जातात नि म्हावऱ्यानं लदून येतात. म्हावरं किनाऱ्याला लागलं की बाप्याचं काम संपतं, नि बाईचं सुरू होतं. निवडायचं, धुवायचं, टांगायचं. बोंबील उन्हात दुपारपर्यंत राहिला तर पाणी होतो. म्हणून भांगाचा दिवस सगळ्यांना सोयीचा.

माज्या नवऱ्यानं पाटलाला जाऊन सांगितलं की बहीण स्वतः बोलणार, वस्तीतल्या बाया बसणार. मला वाटलं पाटील भडकेल. तो भडकला नाय. बोलला, बसू दे, नवीन जमाना हाय. पण एका गाऱ्हाण्याला दोन तोंडं चालत नायत. बाई बोलणार तर भावानं तोंड उघडायचं नाय, निकाल होईपर्यंत.

आमाला ते बरोबरच वाटलं. तसाही तो काय बोलणार होता. आमी त्यावर हसलोही.

मंग दोन दिवस आदी निरोप आला की खाडीकडच्या मंडळींना एकादशीला जमत नाय, बैठक पुनवेला. पाटलानं हे जाणून केलं की त्या लोकांनी मागितलं म्हणून केलं, मी सांगू शकत नाय. पाटील मरताना मी त्याच्या घरी गेले होते, तेवाही विचारलं नाय. विचारून तो काय सांगणार होता.

पुनवेच्या दिवशी माज्या नवऱ्यानं आमची होडी काढलीच नाय. बाकीच्यांच्या गेल्या. नि देवानं त्याच दिवशी द्यायचं ठरवलं होतं. होड्या पाण्यात पार खाली बसून आल्या. वाळूवर बोंबलाचे ढीग पडले, चांदीसारखे, नि ऊन तापायला लागलेलं. बाया ढिगाशी उभ्या राहिल्या. कोण बसेना, कोण जाईना. नणंदेनं नवं लुगडं नेसलं होतं, ती किनाऱ्यावर आली. सगळ्या तिच्याकडं बघायला लागल्या.

"जा गो, हात चालवा," ती बोलली. "बोंबील काय माज्यासाठी थांबणार हायत?"

रांडाव म्हातारी बोलली, तू सुरू कर, आमी टांगून येतोच. तुजं बोलणं संपायच्या आत येतो.

त्यांना मी दोष देत नाय. ते म्हावरं म्हंजे त्यांचा पावसाळा होता. पावसाळ्यात होड्या बंद, तेवा सुकं विकूनच घर चालतं. आमी तिघी पडवीत गेलो.

आत गेल्यावर बसायचं कुठं तेच कळेना. बापे सगळ्या भिंती धरून बसलेले. मंग सासूचा चुलतभाव जरा सरकला, तिथं बसलो. ज्या जागेला जन्मभर बाहेरून नमस्कार केला तिथं आत मी अंग चोरून बसले. सासू मात्र घरात बसावी तशी बसली. मधोमध तांब्या होता, त्याच्यावर नारळ. मला वाटलं पूजेचा हाय.

त्यांच्यातर्फे थोरला भाव बोलला. बोलायला हुशार. बायको सांगितलेलं ऐकत नाय, उलटून बोलते, एकदा रागाच्या भरात हात लागला, कोणाच्या घरी लागत नाय. सून आमाला जड नाय, तिनं नांदायला यावं. नसेल यायचं तर मोकळी. पण पोर बापाचं रगत हाय, ती बापाकडं राहील. आईला सणावारी भेटायला आमी अडवणार नाय. भिंतीकडचे बापे माना हलवत होते. गोडच बोलला तो.

मंग पाटील बोलला, बोल बाय.

ती उभी राहिली. बसून बोलायचं असतं हे तिला ठाऊक नवतं, कोणी सांगितलंही नाय. वाकडं मनगट दुसऱ्या हातानं धरलं होतं.

"काका, मी भांडायला आली नाय. त्यानं दुसरी करावी, मी काय बोलणार नाय. माजी भांडी तिकडं हायत, ती ठेवा. मणी काढून देते, ते ठेवा. पोर रात्री उठते नि पाणी मागते, ते माज्याशिवाय कोणाला ठाऊक नाय. माजी पोर मला द्या."

एवढंच. पालघरच्या म्हातारीहून थोडं जास्त. पण पडवीत कोण हललं नाय. कानानं कमी ऐकू येणारा पंच सुद्धा वाकून ऐकत होता, नि तो बोलला, सरळ बोलली पोरगी. तिच्या नवऱ्यानं खाली बघितलं. मला वाटलं झालं. खरंच वाटलं. सासूनं माज्या मांडीवर हात ठेवला.

पाटलानं विचारलं, खाडीकडच्यांचं काय म्हणणं. थोरला भाव बोलला, आमचं तेच, जे आदी सांगितलं. पोर बापाकडं, आई सणाला भेटेल. पाटलानं पंचांकडं बघितलं, इकडं तिकडं बघितलं, बोलला, आणखी कोणाला काय बोलायचं हाय. कोण बोललं नाय. ती कशाला बोलेल, तिचं तर सांगून झालं होतं. तिला वाटलं आता पंच बोलतील. मलाही तेच वाटलं.

पाटलानं नारळ उचलला नि दगडावर फोडला. पाणी तांब्यात धरलं. खोबऱ्याचे तुकडे केले नि ताट फिरवायला सांगितलं. ताट आदी थोरल्या भावाकडं गेलं, त्यानं घेतलं. नवऱ्यानं घेतलं. मंग नणंदेपुढं आलं.

देवळात कोणी खोबरं पुढं केलं तर तुमी काय कराल? तिनं उजवा हात पुढं केला, खाली डावा लावला, तुकडा घेतला, डोळ्याला लावला नि तोंडात टाकला. सासूनं घेतला. माज्या हातातही आला. मी सहज दाराकडं बघितलं तर माजा नवरा मान हलवत होता. नको नको करत होता. मला वाटलं त्याला काय झालं. नणंदेनं त्याला बघितलंच नाय, प्रसाद घेताना आमी वर बघत नाय. तो दोन पावलं आत आला, तर पाटलानं हाताचा पंजा दाखवला. त्याचं तोंड बंद होतं, निकाल होईपर्यंत. नि निकाल झाला होता.

तेवढ्यात बाया आल्या. धावत आल्या, हाताला खवलं नि वाळू, पदर खोचलेले, सगळ्या पडवीत बोंबलाचा वास. रांडाव म्हातारी पुढं. कुठवर आलं गो, तिनं विचारलं. पाटील उठत होता. तो बोलला, मिटलं. पोर बापाकडं. हिनं खोबरं घेतलं.

नणंद बोलली, "मी परसाद घेतला, काका."

"जमातीत परसाद नसतो, बाय," पाटील बोलला. वाईट आवाजात नाय, समजावून बोलला. शेवटचं म्हणणं असतं त्याच्यावर नारळ फुटतो, नि शेवटी थोरला भाव बोलला होता. ज्याला मान्य नाय तो खोबरं घेत नाय, ताट पुढं ढकलतो. मंग पुन्हा बोलणं सुरू होतं. हे बाप्यांतल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. तिनं ताट ढकललं असतं तर तिथंच बोलणं लांबलं असतं, नि बाया आल्याच होत्या.

ती बाहेर गेली. पाराच्या मागं तोंडात बोट घालून ओकायला बघत होती. तुकडा गेला होता. सासू तिची पाठ चोळत होती. रांडाव म्हातारी पाटलाला काय काय बोलली ते मी इथं सांगत नाय, पण स्टेशनापर्यंत गेलं असेल. पाटील ऐकून घेत होता. फुटलेला नारळ जोडता येत नाय, एवढंच बोलला.

घरी माज्या नवऱ्यानं त्या रात्री नि दुसऱ्या दिवशीही भात खाल्ला नाय. मी त्याला विचारलं, आदी का सांगितलं नाय आमाला. तो बोलला, मला वाटलं तुमाला ठाऊक हाय. त्याचं खरं होतं. आपल्याला रोजचं असतं ते दुसऱ्याला ठाऊक नसेल असं वाटतच नाय. सभेला आमी गेलो, कायदा कॉलनीच्या बाईंना विचारला. नारळाचं घरातल्या माणसाला विचारायला पायजे हे आमाला ठाऊकच नवतं.

कॉलनीच्या बाई खूप हळहळल्या. कोर्टात जाऊ बोलल्या, पालघरला वकील बघून दिला. नणंदेनं जमातीची पर्वा सोडली, आमी पण सोडली. वाळीत टाकतील तर टाकू देत. पण कागद तयार होईपर्यंत दिवाळी आली. सणाला भेटू देणार बोलले होते म्हणून ती पोरीला परकर-पोलकं घेऊन गेली. घराला कुलूप होतं. शेजारीण बोलली, तो वेरावळला गेला, तिकडच्या बोटीवर काम धरलं. नि पोर? पोर घेऊन गेला. थोरला भाव भेटला, गोडच बोलला. पत्ता मला नाय ठाऊक बोलला.

मंग माजा नवरा नि ती वेरावळला गेले. तिकडं बोटी इतक्या की पाणी दिसत नाय, ती सांगायची. धक्क्यावर दिवस दिवस उभी राहिली. पालघरकडचे खलाशी खूप भेटले, एक बोलला होता इथं, आता पोरबंदरला असेल. पोरबंदरला गेले. तिथं कोण बोलला ओख्याला. जवळचे पैसे संपले, परत आले. परकर-पोलकं तसंच परत आणलं. वकिलाचा कागद पोचवायचा कुठं, तेच कळलं नाय. असं ते राहिलं.

पुढचं लोक मोठ्या आवाजात सांगतात, म्हणून मी थोडक्यात सांगते. त्या दिवसापासून बाया जमातीत बसायला लागल्या. कोणी परवानगी दिली नाय, कोणी मागितली नाय. पुढच्या बैठकीला रांडाव म्हातारी जाऊन बसली, नि तिला कोण ऊठ बोललं नाय. नारळ फोडायच्या आदी तो कशावर फोडताय ते मोठ्यानं सांगायचं नि बाईला पुन्हा विचारायचं, हे नणंदेनं करून घेतलं. आजही तसंच करतात. आताच्या सुनांना वाटतं पयल्यापासून तसंच हाय.

मंग सरकारनं ग्रामपंचायतीत बायांच्या जागा ठेवल्या, तेवा वस्तीतल्या बायांनी तिलाच उभी केली. ती निवडून आली. सही शिकली, वाकड्या हाताची वाकडी सही. कचेरीत कोणी सही करा बोललं की ती बोलायची, आदी वाचा, हळू वाचा, नि नको असेल तर काय करायचं ते पण सांगा. ग्रामसेवक कंटाळायचा. गावातले बापे बोलायचे, म्हातारी होईतोवर वाचायला लावेल. ती ऐकून घ्यायची.

एकदा आठ मार्चला बोयसरला कार्यक्रम होता, तिला स्टेजवर बोलावलं. भागात पयल्यांदा बाया जमातीत नेल्या म्हणून. शाल घातली, नारळ पुढं केला. तिनं शाल घेतली, नारळाला हात लावला नाय. देणारी बाई गोंधळली, तिला वाटलं काय चुकलं. मंग मी खालून वर गेले नि घेतला. घरी आणून कालवणात घातला. नारळाचा काय दोष.

त्या दिवशी एका पोरीनं माईकवर सांगितलं की ह्यांच्यामुळं किती बायांना त्यांची पोरं मिळाली. खरं होतं. त्यानंतर आमच्या जमातीत लहान पोर आईकडून काढली असं झालं नाय. नणंद ऐकत होती, तोंडावर काय नाय. घरी येताना रिक्षात मी बोलले, बघ, तुज्यामुळं. ती बोलली, "वयनी, मला नको होतं गो हे. मला एकच पायजे होतं."

मी नारळ पदरात गुंडाळला. रिक्षा चालली होती.

ती कोणाला दिसेल असं रडली नाय. दुसरं लग्न केलं नाय, दोन स्थळं आली होती. माजी पोरं तिनंच वाढवली, तिचंच ऐकायची. पण रात्री कोणतंही पोर उठलं की ती आदी उठायची नि पाणी द्यायची. पोर पाणी मागत नसलं तरी. खाडीकडच्या थोरल्या भावाच्या घरच्या लग्नात, बारशात, मयतीत ती जायची, अपमान गिळून जायची, की कोणाच्या तोंडून काय निघेल. एकदा निघालं. पोर मोठी झाली, लग्न झालं, गुजरातेतच दिली, कुठं ते नाय. नि एक निघालं की पोरीला सांगितलेलं हाय, आई दुसरा करून गेली, तुला टाकून गेली.

त्याच्यानंतर ती खळ्यात यायची नाय. अंगणात बसायची. पंचायतीचं काम सोडलं. खोकला झाला, बोयसरला दाखवलं, पालघरला दाखवलं. गेली तेवा तिचं वय जायचं नवतं.

माजं आता झालं. म्हातारपणाला राग राहत नाय, पाटलावर नाय, त्या घरावर नाय. वाईट एवढंच वाटतं की बायांच्या हाती जे जे आलं, ते कोणीतरी आदी हरवून बसली म्हणून आलं, नि हरवलेलं तिला कोण परत आणून देत नाय.

तर वाचणाऱ्याला एक मागणं हाय. तुमच्यात कोण वेरावळ, पोरबंदर, ओख्याकडं जाणारं असेल, नायतर तिकडंच राहणारं असेल, तर ऐका. बाई आता पन्नाशीला टेकली असेल नायतर थोडी कमी. रंगानं सावळी, डाव्या कानामागं मोठा तीळ. बाप पालघरकडचा खलाशी, आई लहानपणीच टाकून गेली असं सांगत असेल. अशी कोणी भेटली तर तिला एवढं सांगा, तुजी आई तुला टाकून गेली नवती, ती तुला न्यायला आली होती. बाकी काय सांगू नका.